पोटातलं पाणी

पिंपळे गुरवच्या हिंदुरावांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता. मांडवाचा धंदा होता, हाताखाली माणसं होती, घरी दुर्गाबाई होत्या. साखरेने दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली आणि आठवड्यातून तीनदा थेरगावच्या डायलिसिस सेंटरवर जाऊन पडायची वेळ आली, तेही त्यांना मानवलं. आपण हात पुढे करायचा, सुया सिस्टरने टोचायच्या, रक्त मशीनने धुवायचं. दुसरा दिवस अंगात त्राण नसल्यामुळे घरी पडून जायचा, एवढीच तक्रार.

डॉक्टर मंजुषा मॅडमनी दुसरा मार्ग सुचवला. पोटात बारीक नळी बसवायची. पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं, पुन्हा नवं भरायचं. रोज, घरच्या घरी.

"करणार कोन?"

"तुम्ही."

"मॅडम, मांडवाची गाठसुद्धा मी माणसाकडून मारून घेतो."

दुर्गाबाईंनीही हात वर केले. "मला न्हाई जमायचं. उद्या कमीजास्त झालं तर भावकी मलाच बोलंल." विषय मिटला.

सेंटरवर शेजारच्या खाटेवर धम्मरत्न असायचा. मूळचा लातूरकडचा, तळेगावच्या एका कारखान्यात लेथवर. दोघे मिळून महापालिकेचं राजकारण चालवायचे. एके दिवशी ती खाट रिकामी दिसली. पुढच्या खेपेलाही. सेंटरवर रिकाम्या खाटेबद्दल कोणी विचारत नाही, तसा तिथला रिवाज आहे. मग तिथे नवे गृहस्थ आले. हिंदुरावांनी समजायचं ते समजून घेतलं. घरी भेटायला जाणं भाग होतं, पण पाय उचलेना. दोन महिने त्यातच गेले.

शेवटी एका रविवारी पांढरा सदरा घालून ते तळेगावला गेले. दार धम्मरत्ननेच उघडलं.

"या की काका. असे पांढऱ्यात? कोण गेलं?"

"कुनी न्हाई," हिंदुराव म्हणाले. "सहज आलो."

धम्मरत्नने पोटाची नळी बसवून घेतली होती. सिस्टरला सांगून गेला होता. हिंदुराव तेव्हा झोपले होते. पिशवीची वेळ झाली तसं त्याने दार लावलं, पंखा बंद केला, मास्क चढवला आणि बराच वेळ हात धुतले. खिडकीच्या दांडीला पिशवी टांगली. हिंदुराव घाम पुसत पाहत राहिले.

"भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की. नळी जोडताना रोज वाटतं. पण कंपनीत पुन्हा घेतलं मला."

त्यानंतर आठवडा गेला. मग हिंदुराव मंजुषा मॅडमकडे जाऊन म्हणाले, "शिकवा."

शिकवायला सुमनताई नावाच्या सिस्टर होत्या. त्यांनी हिंदुरावांना हात धुण्यातच तीनदा नापास केलं. दुर्गाबाई बाजूला बसून पाहत होत्या. "लग्नात जेवायला बसताना तरी कवा धुतले का एवढे?" त्यांनी विचारलं. हिंदुरावांनी पुन्हा साबण घेतला. नळी बसली, जखम भरली, मागच्या खोलीतल्या कनाती निघून तिथे पिशव्यांचे खोके आले. हिंदुराव पुन्हा मांडवात शेवटची पंगत उठेपर्यंत बसू लागले.

लग्नसराईत मात्र त्यांनी मोबाइल कान-खांद्यात धरून, खुर्च्या कुठे उतरवायच्या ते सांगत सांगत नळी जोडली. दोन दिवसांनी पोट दुखलं आणि पाणी गढूळ आलं. पोटात जंतुसंसर्ग झाला होता, दवाखान्यात भरती व्हावं लागलं. औषधं चालू असताना पडल्या पडल्या त्यांनी खूप विचार केला. आजवर मांडव कोसळला तरी ओरडायला कोणीतरी समोर असायचं. इथे कोणीच नव्हतं. सुमनताईंवर ओरडावं तर त्यांनी मोबाइलचं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"पुन्हा मशीनवर जायचं का?" मंजुषा मॅडमनी विचारलं. "त्यात कमीपणा काही नाही."

"न्हाई," हिंदुराव म्हणाले. "पाणी मीच नासवलं, आता मीच सांभाळतो."

दुर्गाबाईंनी उशाजवळचा मोबाइल उचलून आपल्या पिशवीत टाकला. "ह्यो माझ्याकडं ऱ्हाईल."

आता पिशवीची वेळ झाली की हिंदुराव मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. तेवढा वेळ मांडवाचे फोन दुर्गाबाई घेतात. नको असलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायला त्या हिंदुरावांपेक्षा बऱ्या आहेत.