कोरा राहिलेला रकाना

चाकूरच्या अलीकडं आमचं गाव. रस्ता चौपदरी व्हायचा होता, तेव्हा वाहनं मोजायचं काम मला मिळालं. टपरीवर बसायचं, ट्रक, एसटी, जीप, मोटारसायकल, जे दिसंल त्याची कागदावर रेघ मारायची. शेवटचा रकाना पायी जाणाऱ्यांचा. तो मी कोराच ठेवला. चालणारी माणसं काय मोजायची, ती तर रोजचीच. माझी माय सकाळी समोरून रस्ता ओलांडून शेताला जायची, संध्याकाळी यायची. मी हात करायचो. रेघ मारली नाही.

रस्ता झाला, अन् काय झाला म्हणता! मीच आधी गाडी पळवून नांदेडला जाऊन आलो. पण मधे छातीइतका डिव्हायडर, अन् त्यातली फट थेट पेट्रोल पंपापाशी. शेत समोर दिसतंय अन् वळसा तीन मैलांचा. माझ्या एका कागदानं असं झालं का, देव जाणे. महिनाभर मी मायला गाडीवर सोडलं, मग सवड मिळंल तसं, मग ती घरीच बसायला लागली. वर्षात शुगर निघाली.

लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, रोज चालत जा. नाहीतर इंजेक्शनं सुरू करावी लागतील."

"चालतच होते की बाई," माय म्हणाली. "रस्ता ह्यानं मोजलाय, ह्याला इचारा."

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मी घडी करून खिशात घातली.

पुढं एका सकाळी माय घरात नव्हती. शेजारीण म्हणाली, "शेताला गेली की." डिव्हायडरवर चढली असंल म्हणून पळत सुटलो. रस्त्यावर चालणारं कुणीच नाही. डिव्हायडर ओलांडून पलीकडं गेलो, तर बोलणं ऐकू येत होतं, खालून.

नाल्याचं पाणी जायला रस्त्याखाली मोरी ठेवलेली. तिच्यात गाळ अन् बाभळी माजल्या होत्या, म्हणून आजवर कुणी फिरकलं नव्हतं. गावातल्या बायांनी कुदळ-घमेलं घेऊन ती साफ केली होती, तळाला मुरूम टाकला होता. अर्ज नाही, विनंती नाही. काखेत कळसा होता अन् आम्ही गावाला वळसा घालत होतो. वर ट्रक धडधडत होते, अन् खालून वाकून एकेक बाई बाहेर येत होती, सोयाबीनच्या भावाचं बोलत. मागं शाळेच्या दोन पोरी सायकली ढकलत. सगळ्यांत पुढं माय, काखेत भाकरीचं गठुडं. मी नुसता बघतच राहिलो. एवढी माणसं रोज चालतात, हे मला, मोजणाऱ्याला, माहीत नव्हतं.

दगडावर बसलो, औषधाच्या चिठ्ठीमागं रेघा मारायला लागलो.

"काय करायलास रे?"

"मोजायलोय, माय."

ती गठुडं सावरत पुढं गेली.

संध्याकाळी मी मोरीच्या गावाकडच्या तोंडाशी बसलो होतो. माय मोरीतून आली, घामानं भिजलेली, अन् माझ्यासमोर थांबली.

"सकाळी मांडलंस न्हवं? आता येताना बी मांड. दोनदा हाय मी."