पिण्यास अयोग्य

पाण्याच्या रिपोर्टात रकाने भरपूर. क्षार किती, कठीणपणा किती, नायट्रेट किती, फ्लोराइड किती. पण विहिरीवर कोण काय बोललं आणि आपलं डोकं कुठं फिरलं, याला रकाना नसतो. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. खेड्यांतल्या विहिरी तपासायच्या आणि कुठलं पाणी कसं, त्याचा नकाशा करायचा, हे काम. नकाशे सरकारजमा झाले. बाकीचं माझ्याजवळ साचलं. आता नागपुरातच हुडकेश्वरच्या घरी जुने सोबती आले की एकेक निघतं. हसतो आम्ही. पण खरं सांगू? अर्ध्या गोष्टींवर अजूनही संताप येतो!

*

नोकरीच्या सुरुवातीला नमुने आणायला फील्डमन जायचा. एकदा तो काटोलकडच्या बारा गावांच्या बारा बाटल्या घेऊन आला. सुरेख अक्षरात लेबलं. मी तपासायला बसलो, तर बाराही गावांचं पाणी अगदी सारखं! विहीर विहिरीसारखी कधी नसते हो. शंका आली म्हणून क्लोरीनची टेस्ट केली. बाराही नळ्या पिवळ्या झाल्या, म्हणजे बाराहींत क्लोरीन!

"काय गा, बारा विहिरींत नळाचं पाणी कसं आलं?"

गडी जराही लाजला नाही. "साहेब, जीप बंद पडली होती. स्टँडवर नळ दिसला, भरून घेतल्या. पण पाणी चांगलं आहे ना? बारा गावं पास होऊन राहिली, कोणाचं काय बिघडलं?"

मी तणतणत मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रिपोर्ट वेळेवर गेला का?"

दुसऱ्या दिवशी बाटल्यांची पेटी घेऊन मी स्वतः एसटीत बसलो. तेव्हापासून नमुने मीच आणायचो. पुढं जीप दुरुस्त झाली आणि ड्रायव्हर यादवराव सोबतीला आले.

*

रिपोर्ट गावाला जायचा तो इंग्रजीत. एका गावचं पाणी फार वाईट निघालं. मी रिपोर्टावर लाल शाईनं, मोठ्या अक्षरात, पिण्यास अयोग्य असा इंग्रजी शेरा मारला आणि पाठवून दिला. काही महिन्यांनी त्या रस्त्यानं जाताना म्हटलं, बघावं काय केलं ते.

सरपंचांनी हात धरून पंचायतीत नेलं. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये माझा रिपोर्ट! वर झेंडूचा हार!

"सरकारनं आमच्या पाण्याले सर्टिफिकेट देलं साहेब! लाल शाईनं देलं, स्पेशल!"

आणि तेच पाणी त्यांनी तांब्याभर माझ्यापुढं ठेवलं.

मी मराठीत वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. हळूच म्हणाले, "मंग आमाले समजन असं काहून नाही लिहिलं बाप्पा?"

परत आलो आणि सगळे रिपोर्ट हातानं मराठीत लिहायला लागलो. साहेब भडकले, म्हणाले, "इंग्रजीत असलं म्हणजे वजन राहतं." मी म्हटलं, "साहेब, वजनच राहतं, अर्थ नाही." वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी!

*

कठीण पाण्यात डाळ शिजत नाही, हे आम्हा केमिस्ट लोकांना पाठ. एका गावी विहिरीवर मी नमुना तपासत होतो, तर सुमनबाई नावाची बाई घागर खाली ठेवून बघत उभी राहिली. मी सहज सांगितलं, "बाई, या पाण्यात डाळ लवकर शिजायची नाही."

ती एकदम खालीच बसली. म्हणाली, "लग्न होऊन आली तवापासून सासू म्हणून राहिली का हिच्या हाताले गुण नाही. दोनदा माहेरी धाडलं मले, डाळीपायी!"

मग डोळे पुसले आणि ठासून म्हणाली, "लिहून द्या. शिक्का मारून द्या."

पेटीत ऑफिसचा शिक्का होताच. लिहून दिलं: या विहिरीचे पाणी कठीण असल्याने डाळ शिजत नाही, यात सुमनबाईंचा दोष नाही. खाली सही, शिक्का. यादवरावांनी साक्षीदार म्हणून सही ठोकली. बाईनं कागद सासूच्या बाजेसमोरच्या भिंतीला चिकटवला म्हणे.

कोणीतरी ऑफिसला कळवलं आणि मला मेमो आला. "डाळ हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. खुलासा करावा."

*

फ्लोराइडच्या पट्ट्यातली एक शाळा. आम्ही पोचलो तेव्हा पोरं मैदानात रांगेत, तोंडं उघडून उभी. गुरुजी छडी घेऊन दात तपासत होते. ज्याचे दात पिवळे, त्याच्या हातावर दोन. आणि पिवळे सगळ्यांचेच!

गुरुजी नागपूरच्या गांधीबागेतले, बदली होऊन नवीनच आलेले. माणूस वाईट नव्हता. मला म्हणाले, "रोज सांगतो, घासा, घासा. राख घासतो म्हणतात, मीठ घासतो म्हणतात, हिरड्यांतून रक्त येतं म्हणतात. पण खोटं बोलतात, घासतच नसणार."

मी म्हटलं, "गुरुजी, हे डाग घासून जात नाहीत. लहानपणापासून गावच्या हातपंपाचं हे फ्लोराइडचं पाणी पिऊन दात आतूनच असे येतात."

"मग माझे?"

"तुमचे दात गांधीबागेत आले."

गुरुजींनी छडी गुडघ्यावर मोडली. पोरांना वर्गात पाठवलं आणि स्वतः उन्हात उभेच राहिले. त्यांनी तालुक्याला किती अर्ज केले, मला ठाऊक आहे, कारण प्रत्येकाची नक्कल मला यायची. दुसरा पंप काही आला नाही. गुरुजींची बदली मात्र झाली!

*

मग नकाशा पुरा झाला. चांगल्या पाण्याला हिरवा, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल. आमचे नकाशे काढणारे डेकाटेबाबू महिनाभर पाठ वाकवून रंगवत होते. मुंबईहून मोठे पाहुणे येणार, म्हणून साहेबांनी आधी नकाशा पाहिला आणि उडालेच.

"इतका लाल? नकाशा आहे का कुंकवाचा करंडा?"

डेकाटेबाबू म्हणाले, "साहेब, पाणीच तसं आहे."

"पाणी तसं असू द्या! रंग तसा कशाला?"

हुकूम सुटला, लाल नको, गुलाबी करा. डेकाटेबाबू दोन दिवस दाताखाली ओठ धरून पांढरा रंग कालवत बसले. पाहुणे आले, नकाशासमोर थबकले, खूश झाले. "वा! ही गुलाबी गावं म्हणजे काय, फुलशेतीची का?"

साहेब म्हणाले, "जवळपास तसंच, सर!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोणीतरी पाहुण्यांच्या हातात संत्र्याची करंडी दिली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

*

एक गाव मात्र कोणत्याच नकाशात बसलं नाही.

तिथं दोन विहिरी. गावाच्या मधोमध जुनी, दगडी, पाटलांच्या घराशेजारी. दुसरी बौद्ध वस्तीत, दुष्काळात सरकारनं खोदलेली. ती होईपर्यंत वस्तीतल्या बायकांना गावातल्या विहिरीच्या दोराला हात लावायची परवानगी नव्हती. रिकाम्या घागरी घेऊन खाली थांबायचं, कोणाला दया आली तर तिनं वरून पाणी ओतायचं. कायदा होता, कागदावर. हे मला कौसल्याबाईंनी सांगितलं, वस्तीच्या विहिरीवर मी नमुना घेत असताना. रागानं नाही. पाऊस किती पडला ते सांगावं, तसं.

तपासणी झाली. गावातल्या विहिरीत नायट्रेट बेसुमार, कारण शेजारी पाटलांचा गोठा आणि शेणखताचा भलामोठा उकिरडा. वस्तीचं पाणी पंचक्रोशीत सगळ्यांत चांगलं!

पाटील खवळले. "बाटल्या बदलल्या तुमी! आमच्या सात पिढ्या हेच पाणी पिऊन राहिल्या."

"तुमच्यासमोर भरतो," मी म्हटलं. भरल्या. तेच निघालं. पाटील म्हणाले, "पुन्हा." पुन्हा भरल्या. तेच. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "रिपोर्टात विहिरींची नावं इकडची तिकडं नाही करता येत का?"

माझी कानशिलं तापली. यादवरावांनी मला अक्षरशः ओढत जीपमध्ये बसवलं. रस्ताभर मी बडबडत होतो.

थोड्या दिवसांनी पाटलांच्या तान्ह्या नातवाला नागपूरच्या दवाखान्यात आणलं. बाटलीतलं दूध प्यायचा, ओठ निळे पडले होते. पोरगं वाचलं. डॉक्टरांनी बजावलं, त्या विहिरीचं पाणी दुधात घालायचं नाही. उकळूनही नाही; नायट्रेटनंच पोरगं निळं पडलं, आणि ते उकळून जात नाही.

त्यानंतर मी गावातल्या विहिरीवर लाल फुली मारायला गेलो. कोणी अडवलं नाही. मग वस्तीच्या विहिरीकडे हिरवी खूण करायला वळलो, तर यादवरावांनी जीप अलीकडंच थांबवली.

विहिरीपासून दहा पावलांवर पाटलीणबाई उभ्या होत्या. एकट्या. डोक्यावर पदर, कडेवर पितळी घागर. किती वेळच्या उभ्या होत्या, कोण जाणे. पुढंही येईनात, मागंही जाईनात. विहिरीवरच्या बायका वळून बघायला लागल्या.

कौसल्याबाई पाणी काढत होत्या. त्यांनी आपली घागर भरून बाजूला ठेवली, बादली पुन्हा विहिरीत सोडली आणि पाटलीणबाईंकडे पाहिलं. पाटलीणबाईंनी घागर खाली, जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकल्या.

कौसल्याबाईंनी दोराचं टोक त्यांच्यापुढं धरलं.

"या वं बाई, धरा दोर. आमच्या विहिरीवर ज्याचं त्यानंच काढा लागते."