मुनिबाची डिग्री आणि समुद्राकडची खोली

मुनिबा रोज सकाळी माझ्या गाडीत बसते तेव्हा तिच्या मांडीवर दोन जाड पुस्तकं असतात. एक जमीन-इमारतींचं, दुसरं कायद्याचं. माझं ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये आणि तिची युनिव्हर्सिटी तिथून पाच मिनिटांवर. शारजाहून निघालं की तासभर ट्रॅफिकमध्ये काढायचा असतो. मी वसईची इनेज, मुनिबाच्या घरचे रत्नागिरीकडचे, आणि इथे शारजात आमची दारं समोरासमोर. पेट्रोलचे पैसे मी घेत नाही, त्या बदल्यात तिने माझी बडबड ऐकायची असा आमचा करार आहे. हा करार तोंडी असल्यामुळे मला तो सिद्ध करता येणार नाही, असं ती मला सांगते. अशी ही मुलगी.

तिचे वडील अलीभाई शारजाच्या औद्योगिक भागात ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करतात. मुलीने फार्मसी करावी अशी त्यांची इच्छा होती. तिने प्रॉपर्टी आणि लॉ अशी जोडडिग्री निवडली तेव्हा ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले. एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणाले. पाच वर्षं फी भरायची आणि शेवटी पोरगी ना पुरती वकील, ना पुरती इंजिनिअर. मुनिबा शांतपणे म्हणाली, "इट्स वन थिंग, अब्बा. घर केवढं आहे ते सकाळी शिकवतात, घर कोणाचं आहे ते दुपारी." अलीभाईंना ते पटलं नाही, पण पोरीपुढे त्यांचं काही चालत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

दुसऱ्या वर्षापासून बिल्डिंगमधले लोक भाड्याचे करार घेऊन तिच्याकडे यायला लागले. वॉचमन केरूसुद्धा भावाच्या खोलीचा कागद घेऊन आला. ती सगळ्यांना आधी सांगते की मी अजून वकील नाही, आणि मग अर्धा तास बोलते. फी म्हणून हव्वाभाभींना कुणी केळी आणून देतं, कुणी खजूर. मी म्हटलं, भाभी, पोरीने दुकान उघडलं की. भाभी नुसत्या हसल्या.

हव्वाभाभी म्हणजे मुनिबाची आई. बाईंचा आवाज मी सहा वर्षांत फारसा ऐकला नव्हता. एकच गोष्ट त्या माझ्याशी मनापासून बोलायच्या. गावच्या घराला समुद्राकडे तोंड असलेली एक खोली आहे. अलीभाईंनी वर्कशॉप बंद केलं की त्या खोलीत जाऊन राहायचं, सकाळी होड्या येताना बघायच्या. बस्स, एवढंच त्यांचं मागणं.

आणि यंदा फेब्रुवारीत ते मागणं बुडायची वेळ आली. अलीभाईंचे धाकटे भाऊ तहा गावाला असतात. त्यांनी एक बिल्डर आणला. घर पाडून चार मजले बांधायचे, दोन्ही भावांना एकेक फ्लॅट, तोही रस्त्याच्या बाजूला. समुद्राकडचे फ्लॅट बिल्डर विकणार. अलीभाईंनी तहांच्या नावाने मुखत्यारपत्र करून द्यायचं, की खलास. भाभींना कुणी विचारलं नाही. त्यांनीही तोंड उघडलं नाही, मात्र त्या आठवड्यात माझ्याकडे त्यांनी दोनदा खारट आमटी पाठवली. मला राग आला, पण शेजारणीने बोलायचं तरी किती.

नेमकं त्याच वेळी मुनिबाला युनिव्हर्सिटीतून एक काम मिळालं. आपल्या कुटुंबाच्या घराचा नकाशा काढायचा, आणि त्यातल्या प्रत्येक खोलीवर कोणाचा काय हक्क आहे ते कागदाच्या आधाराने लिहायचं. मग काय, व्हिडिओ कॉलवर तहाकाका हातात टेप घेऊन घरभर फिरत होते आणि ही इथून फूट-इंच लिहून घेत होती. कागद हवेत म्हणून तिने कपाटावरची बॅग खाली काढली. घराची जुनी पावती सापडली, करआकारणीचा उतारा सापडला, आणि तळाशी आईबापाचा निकाहनामा.

निकाहनामा उर्दूत होता. अलीभाई मराठी शाळेचे, त्यांनी आयुष्यात तो वाचलेला नव्हता, फक्त खाली सही केली होती. मुनिबा इथल्या शाळेत अरबी शिकली, म्हणून तिला ती लिपी अडखळत का होईना लागत होती.

शनिवारी सकाळी भाभींनी मला घावण्यांना बोलावलं होतं. मी पहिला घास घेते तोच मुनिबा तो कागद घेऊन आली आणि टेबलाशी उभी राहून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली. नवऱ्याने बायकोला द्यायचा मेहर: रोख पाचशे रुपये, आणि घरातली समुद्राकडची खोली. खाली अलीभाईंची सही, घर तेव्हा ज्यांच्या नावावर होतं त्या त्यांच्या वडिलांची सही, आणि दोन साक्षीदार.

अलीभाईंनी हातातला घावणा बशीत ठेवला. क्षणभर विचार केला आणि मग सुटल्यासारखे हसले. म्हणाले, त्यात काय, मेहर तर लग्नाच्या पहिल्याच दिवशी माफ झाला. तसा रिवाजच आहे, नवरा विचारतो आणि बायको माफ करते. विचार तुझ्या अम्मीला.

मुनिबाने आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. भाभी तव्यावरचा घावणा उलटत होत्या. तो नीट उलटला, गॅस बारीक केला, आणि मग त्या वळल्या.

"पाचशे रुपये माफ कर म्हणालात, ते मी केले. खोलीचं नाव तुम्ही काढलंच नव्हतं."

अलीभाईंना आठवलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि मला ठसका लागला.

त्यांनी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? भाभी म्हणाल्या, खोली जागेवर होती तोवर बोलायचं काय कारण.

खरं सांगते, मला त्या क्षणी उठून त्या बाईला मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीही. मुनिबा मात्र पक्की. तिने बापाला समजावलं की नुसत्या या कागदावर भागणार नाही. तिच्या सरांना तिने विचारलं होतं. गावाकडच्या वकिलाकडून रीतसर दस्त करून त्याची नोंदणी करावी लागेल, आणि ते होईपर्यंत मुखत्यारपत्राला हात लावायचा नाही. अलीभाईंनी तिथेच तहांना फोन लावला. "तहा, बिल्डरला नाही सांग. घरात हव्वाची खोली आहे." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. अलीभाई म्हणाले, "मला नको सांगू, तिच्याशी बोल," आणि फोन बायकोकडे दिला.

जुलैत तिघं गावी जाऊन नोंदणी करून आले. मुनिबाला त्या कामात वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले, आणि अलीभाई आता वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगतात की माझी मुलगी एकाच वेळी दोन गोष्टी शिकते.

नोंदणीच्या दिवशी त्यांनी मला त्या खोलीतूनच व्हिडिओ कॉल केला. एका कोपऱ्यात तहाभाईंची जाळी आणि होडीचं इंजिन पडलेलं दिसत होतं. तहाभाई स्वतः दारातच घुटमळत होते. मग त्यांनी भाभींना विचारलं की हे सामान चतुर्थीपर्यंत, म्हणजे गणपतीला गावी येणारे मुंबईकर परत जाईपर्यंत, इथेच राहू देऊ का.

भाभींनी खोलीभर एक नजर फिरवली, खिडकी उघडली आणि बाहेर समुद्राकडे बघितलं. मग दिराकडे वळून त्या म्हणाल्या, "राहू दे. विचारलंस, बरं वाटलं."