धुऱ्यावरचा पाला

वनमाला आदिलाबादच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. वय चव्वेचाळीस. लग्न केलं नाही, पीएच.डी.ला मात्र चाळिशीनंतर नाव नोंदवलं, ते वडिलांमुळे.

वडील नरसिंगराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. सबंध तालुक्याची पहाणीपत्रकं त्यांना तोंडपाठ असायची. त्याच माणसाला आता आपण जेवलो की नाही हे आठवत नव्हतं. सकाळी अंघोळ करून ते पिशवी काखेत मारून दाराशी उभे राहायचे. "मिसलीची फाइल कुठं ठेवली माझी? साहेब यायची वेळ झाली," असं म्हणायचे. आई, म्हणजे कुमुदिनीबाई, त्यांचा हात धरून परत आत आणायच्या. पुढं पुढं तर "बाई, तुम्ही कोणत्या गावच्या?" असं ते आईलाच विचारू लागले. पन्नास वर्षांचा संसार झालेल्या बाईला!

शहराला लागूनच असलेल्या मावल्याला त्यांचं घर होतं. तिथं तलमडुगू गावाकडच्या कुसुमबाई आठवड्याला भाजी घेऊन येत. नरसिंगरावांची अशी दशा बघून त्याच एकदा म्हणाल्या, "आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, निळफुलीचं झुडूप हाय बाई. माही सासू म्हाताऱ्या माणसाले तिचा रस देत व्हती. याद राहते म्हणे."

वनमालानं तो पाला मागवला. सावलीत वाळवला, अर्क काढला आणि कॉलेजातच तपासला. तपासणी तशी सोपी होती. मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन असतं आणि ते मोडून टाकणारं एक एन्झाइम. या एन्झाइमला आवर घातला तर आठवण थोडी जास्त टिकते. स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या हेच काम करतात. एन्झाइम चालू असलं की परीक्षानळीतलं पाणी पिवळं होतं. वनमालाच्या नळीतलं पाणी पिवळं झालं नाही. तिनं तीनदा करून पाहिलं. काचेसारखं स्वच्छ पाणी! त्या दिवशी ती कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून एकटीच रडली.

अर्कात नेमकं कोणतं द्रव्य आहे हे ओळखायची यंत्रं हैदराबादला होती. दोन हजार चौदाच्या जानेवारीत तिनं नमुना तिकडच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. दोन महिन्यांत उत्तर येईल असं कळलं होतं. पण जूनमध्ये राज्याची वाटणी झाली. माणसं वाटली, कपाटं वाटली, यंत्रंही वाटली. ज्यांच्याकडं नमुना होता ते शास्त्रज्ञ पलीकडच्या राज्यात गेले. फोन केला की "फाइल अजून वाटपात आहे" एवढंच कळायचं.

"तिकडून काही आलं का गं?" आई रोज विचारायची.

"नाही आई. पण पाल्यात आहे काहीतरी, हे नक्की."

"मग देऊन बघू या का त्यांना?"

"अजून नाही. काय आहे ते कळू दे आधी."

आईनं जुलै काढला, ऑगस्ट काढला. सप्टेंबरात कुसुमबाई पाल्याचं नवं पोतं घेऊन आल्या. वनमाला कॉलेजला गेली की आई त्यातली मूठभर पानं काढायची, वाटायची आणि चमचाभर रस मधातून नवऱ्याला द्यायची. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिनं अर्धी वाटी दिली.

दुपारी वनमालाला फोन आला. ती घरी पोचली तेव्हा बाबा खाटेवर घामानं निथळत होते. तोंडातून लाळ गळत होती, छातीत घरघर लागली होती. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरनं बॅटरी लावून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

"अंकल खेत में गए थे क्या? कपास की दवा का मामला लगता है."

"नहीं, ये तो घर से निकलते ही नहीं," वनमाला म्हणाली.

"तो क्या खाया?"

 मग भिंतीला टेकलेली आई हळूच म्हणाली, "पाला दिला होता मी. पोरीचाच."

वनमालाला नळीतलं ते स्वच्छ पाणी आठवलं. कपाशीवर मारतात ते विष माणसाच्या अंगात तेच एन्झाइम बंद पाडतं. हे तर ती दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून शिकवायची.

डॉक्टरांनी इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली, नळ्या घातल्या. चौथ्या दिवशी सकाळी नरसिंगराव गेले.

तेरावं झाल्यावर ती कुसुमबाईंच्या शेतात गेली. कपाशी छातीला लागत होती. धुऱ्यावर निळफुली दाट पसरलेली.

"कुसुमबाई, पाला तोडला तेव्हा फवारणी कधी झाली होती?"

"आदल्याच दिवशी औषध मारलं ना. मावा लय पडला व्हता."

"धुऱ्यावर उडतं का ते?"

"उडन नाई तं काय! वारा आपलं आयकते का?" कुसुमबाई थबकल्या. "काऊन पुसून राह्यल्या, बाई?"

वनमालानं सांगितलं. कुसुमबाई मटकन धुऱ्यावर बसल्या. पायाशी उगवलेल्या पाल्याकडं बघत म्हणाल्या, "आमी तं इथलाच तरोटा खातो, अंबाडी खातो. लेकराईले घालतो."



मावल्याच्या जंगलातून, कुठंही फवारणी नसलेल्या जागेवरून, तिनं निळफुली आणली आणि पुन्हा तपासणी केली. पाणी मिनिटाभरात हळदीसारखं पिवळं झालं. एवढी साधी गोष्ट होती. दुसऱ्या जागेचा पाला लावून बघायचं हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. तिनं दोन वर्षं एकाच धुऱ्याचा पाला तपासला होता. तो पिवळा रंग येऊ नये असं तिला मनातून इतकं वाटत होतं, की दुसरी नळी लावायचं सुचलंच नाही.

प्रयोगशाळेचं उत्तर पुढच्या मार्चला आलं. अर्कात सापडलेलं द्रव्य म्हणून एका कीटकनाशकाचं नाव होतं. खाली शास्त्रज्ञांनी हातानं लिहिलं होतं, की नमुना स्थलांतराच्या खोक्यात राहून गेला, उशिराबद्दल क्षमस्व. स्टाफरूममध्ये तिनं ते पत्र वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि तासाला गेली.

संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं. लपवायचा विचार खूप केला होता, पण जमलं नाही.

"आई, पाल्यात औषध नव्हतंच. कपाशीचं विष होतं ते."

आई तांदूळ निवडत होती. हात थांबले. "तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली होती. 'कुमुद' म्हणून. तुला सांगितलं नाही मी. म्हणून तर जास्त दिलं."

वनमाला तिच्याशेजारी खाली बसली.

"ती हाक खरी होती ना गं?"

त्या विषाची एवढीशी मात्रा तेवढं करूही शकते. किंवा शेवटी शेवटी माणसाला कधी आठवतं, कधी नाही, तसंही असेल. "खरी होती," वनमाला म्हणाली. पण म्हणण्याआधी क्षणभर थांबली, आणि आईनं ते थांबणं ओळखलं. ताट बाजूला सारून ती आत गेली.

त्यानंतर आई तिच्याशी फारसं बोलली नाही. रागही केला नाही. उन्हाळ्यात आपल्या धाकट्या भावाकडं, जिल्ह्यातल्याच निर्मळला गेली, ती तिकडंच राहिली. वनमालानं संशोधनाची नोंदणी रद्द करायची अर्जी दिली. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. तलमडुगूच्या शेतांतून ती वर्षभर सांगत फिरली, की धुऱ्यावरचं काही खाऊ नका. बायका ऐकून घ्यायच्या, चहा करायच्या, आणि दुपारच्या जेवणाला तरोट्याची भाजी वाढायच्या. दुसरं होतं काय त्यांच्याकडं!

दोन हजार सोळाच्या दसऱ्याला जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि निर्मळ वेगळा जिल्हा झाला. त्या दिवशी वनमालानं आईला फोन केला. मामीनं उचलला. "झोपल्यात त्या," म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते.