भाऊजींचा चाकू आणि चांद्याची मान

दुकानातून आणलेली वस्तू अर्धीच तयार झालेली असते आणि उरलेली अर्धी आपण घरी करायची असते, या तत्त्वावर माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान जितक्या निष्ठेने जगले, तितक्या निष्ठेने देवाधर्मावरसुद्धा कुणी जगल्याचं मी पाहिलेलं नाही. नवी छत्री आणली की तिची मूठ बदलायची, नव्या चपलेचा अंगठा कापून पुन्हा शिवायचा, नव्या कुलपात तेल घालून ते इतकं मऊ करायचं की किल्ली नसली तरी उघडावं. "मले तेवढं जसंच्या तसं ठेवलं रे बापा, नशीबच समज माहं," असं ताईने एकदा माझ्यापाशी बोलून दाखवलं होतं.

भाऊजी आर्णीला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस चिमटीत धरायचा, ओढून त्याचा धागा पाहायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. ही चिमूट रविवारीसुद्धा सुटी घेत नसे. ताईला पाहायला आले तेव्हा बाकीचे पाहुणे पोह्यांकडे आणि अधूनमधून मुलीकडे पाहत होते, आणि हे गृहस्थ ज्या गादीवर बसले होते तिच्या उसवलेल्या शिवणीतून कापूस ओढत होते. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा, असं आमच्या वडिलांनी म्हटल्यावर त्यांनी मान वर केली आणि अत्यंत आदराने विचारलं, "ही गादी कुठून भरून आनली जी?" वडिलांना वाटलं स्थळ गेलं. पण ताई आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली, आणि हसवणारा नवरा मिळत असेल तर सोडू नये असं तिने त्या घटकेलाच ठरवलं. पुढे आयुष्यभर ती त्यांच्यावर चिडली, पण तो निर्णय तिने काही फिरवला नाही.

भाऊजींच्या सगळ्या दुरुस्त्यांचा कळस म्हणजे त्यांचा चाकू. आर्णीच्या आठवडी बाजारात जमिनीवर चादर अंथरून कुलपं, कंगवे, नेलकटर विकणाऱ्या माणसाकडून घेतलेला, लाल प्लास्टिकच्या मुठीचा, घडी घालायचा साधा स्वस्त चाकू. पेरू कापायला घ्यावा तर पेरू दबे आणि पातं डुले. या चाकूने लाकूड कोरायचं असं भाऊजींनी मनात घेतलं आणि ताईच्या घरातली शांतता संपली. आधी त्यांनी कानस घेऊन पात्याचं वर उचललेलं टोक पाठीकडून घासत घासत खाली आणलं, कारण टोक वर असलं की ते लाकडात कुठे जाईल याचा भरवसा नाही म्हणे. मग पात्याचा जाडपणा. "हे पातं लाकूड कापत नाही साळेबुवा, फाडते. पाचर हाये पाचर," असं म्हणत ते पाण्याची वाटी शेजारी ठेवून दगडावर पातं पालथं-उताणं घासत बसत, आणि तापून पोलाद नरम पडू नये म्हणून घडोघडी पाण्यात बुडवत. मुठीच्या प्लास्टिकने हाताला घाम येतो म्हणून ते काढून सागाची मूठ बसवली. ती मोठी झाली म्हणून तासली, फार तासली गेली म्हणून तिच्यावर सूत गुंडाळलं, आणि ते सूत कोणत्या प्रतीच्या कापसाचं हे मी न विचारताच त्यांनी मला सांगितलं. पातं मुठीला जोडणारा सैल रिपिट हातोडीने ठोकला तर चाकू उघडेना, सैल केला तर बोटावर मिटायला लागला, शेवटी सायकलच्या ट्यूबचं कडं कापून ते मुठीवर चढवलं आणि पात्याला दम दिला.

एवढ्यावर भागलं असतं तर ताईने देवाला नारळ फोडला असता. पण शेवटची धार चामड्यावर लागते, आणि घरातलं एकमेव चामडं म्हणजे भाऊजींच्या कमरेचा पट्टा. तो दाराच्या कडीला अडकवून, त्यावर टूथपेस्ट चोपडून, भाऊजी पातं वरखाली फिरवत उभे राहत आणि त्या दिवशी केंद्रावर पँट सुतळीने बांधून जात. या घरात दात सोडून सगळ्याला पेस्ट लागते, अशी ताईची कायमची तक्रार होती. धार आली की नाही हे ते डाव्या हातावरचे केस उडवून पाहत. त्यामुळे भाऊजींचा उजवा हात चारचौघांसारखा आणि डावा कोपरापर्यंत गुळगुळीत. एका लग्नात शेजारच्या पाहुण्याने 'कुठं भाजलं का?' म्हणून सहानुभूतीने विचारलं, तेव्हा भाऊजींनी उत्तरादाखल खिशातून चाकू काढला आणि त्याचाच हात धरला. तो पाहुणा जेवायला थांबला नाही.

हे सगळं करायला त्यांना वेळ भरपूर होता, आणि तो वेळ काही चांगला नव्हता. आमच्या जिल्ह्यात ती कापसाची वाईट वर्षं होती. पूर्वी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग पार सडकेपर्यंत लागायची. आता केंद्र उशिरा उघडायचं, कापूस परस्पर व्यापाऱ्याकडे जायचा, आणि पेपरात यवतमाळचं नाव दिसलं की आम्ही गुपचूप पान उलटायचो. भाऊजी रिकाम्या वजनकाट्यापाशी खुर्ची टाकून लाकडाच्या ढलप्या पाडत बसत. आणि कोरत काय? बैल. फक्त बैल. त्यांना दुसरं काही कोरायला सांगणं म्हणजे त्यांचा अपमान करणं. मी एकदा ताईसाठी पळी करा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच कमी प्रतीचा निघालो.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुलं लाकडी बैलांना सजवून मिरवतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागत फिरतात. भाऊजींमुळे त्यांच्या गल्लीतल्या एकाही बापाला बैल विकत आणावा लागला नाही. फक्त एक गंमत होती. त्या गल्लीचे सगळे बैल एकाच चेहऱ्याचे. सगळ्यांच्या कपाळावर चंद्रकोर कोरलेली, सगळ्यांचं डावं शिंग जरा खाली आलेलं. देवळासमोर सगळ्यात सुंदर बैलाला बक्षीस देणाऱ्या गुरुजींनी ती रांग पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली आणि शेवटी झुली पाहून बक्षीस दिलं. मुलं खूश होती. भाऊजी मात्र ओट्यावरून ती मिरवणूक बघत आणि तोंड वाकडं करत. "यातला एकबी तो नाही," एवढंच ते म्हणत. मुलांना दिलेले बैल सरळ मानेचे होते, आणि त्यांना हवा होता मान वळवून मागे पाहणारा.

तो कोण, हे मला वजनकाट्यापाशीच कळलं. मी यवतमाळहून ताईला भेटायला आलो होतो आणि जाता जाता केंद्रावर डोकावलो. "सगळे बैल एकाच साच्यातले काहून काढता हो भाऊजी?" मी थट्टेने विचारलं. त्यांनी ट्यूबचं कडं सरकवून चाकू मिटला.

"चांद्या हाये तो. आमच्या घरचा."

भाऊजींचं गाव बोरी अरबजवळ. शेती त्यांचे मोठे भाऊ, दादा, पाहत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, हे काम लहानपणापासून भाऊजींचं. नोकरीला लागले तरी त्या दिवशी ते न चुकता गावी जात. पळसाचं पान कोमट तुपात बुडवून खांद्याला लावायचं आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाकीचे बैल रवंथ करत राहत. चांद्या तेवढा मान वळवून, बोलणाऱ्याकडे नीट पाहून घेई. मग कापसाचं एक वर्ष पार गेलं, वैरणही नव्हती. दादांनी नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला आणि एक चांगला धनी पाहून चांद्या आर्णीच्या बाजारात देऊन टाकला. धाकट्या भावाला हे सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. भाऊजींना ते कळलं तेव्हा तुपाची वाटी त्यांच्या हातात होती आणि समोर रिकामा खुंटा होता.

"दादाले मी काही बोललो नाही. बोलन्यासारखं होतंच काय? निस्तं इचारलं, कोनता बाजार होता म्हनून." भाऊजी चाकूकडे पाहत होते. "त्या बाजारी मी तिथंच होतो साळेबुवा. ह्याच चाकूसाठी त्या मानसासंगं भांडून राह्यलो होतो, भाव कमी कर म्हनून. बैलबाजार मांगंच तं हाये. अन् माहा आवाज तुमाले ठाऊक हाये केवढा हाये तो. चांद्यानं आयकला असंन. मान वळवून पाह्यलं असंन त्यानं. अन् मी चाकू पाहून राह्यलो होतो."

 त्या रिकाम्या खुंट्यानंतर भाऊजी पोळ्याला गावी गेलेच नव्हते.

आता त्या बैलाच्या मानेचं दुखणं असं होतं, की लाकडाच्या रेषा सरळ जाणार आणि मान मात्र वळलेली हवी. पाय जमत, वशिंड जमे, मानेखालची लोंबती पोळी सुटे. पातं गळ्यापाशी आलं की रेषा आडव्या पडत आणि मुंडकं टचकन हातात येई. भाऊजी ते मुंडकं डोळ्यांसमोर धरत आणि निकाल देत, "चाकूच बरोबर नाही." मग पुन्हा दगड, पुन्हा पाण्याची वाटी, पुन्हा पट्टा आणि पेस्ट. दर मुंडक्यामागे पातं थोडं थोडं बारीक होत गेलं. मी नवा चाकू आणून दिला तर तो त्यांनी ताईला भाजीला दिला. त्यांना याच चाकूकडून ते काम करून घ्यायचं होतं. आणि तुटलेली मुंडकी टाकून देणं त्यांच्याने होईना. ती खिडकीत, पुस्तकांमागे, रेडिओवर, कपड्यांच्या घडीत, जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसली. "साखर काढाले गेली तं डब्यातून बैल माह्याकडं पाहून राह्यला!" ताई मला सांगत होती आणि रागवायचं ठरवून हसत होती. मग हसू आवरून म्हणाली, "पोळा जवळ आला का मानूस जेवत नाही रे धड. पुरन नुसतं चिवडते. काय करू मी?"

तिने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, कारण त्या पोळ्याला मी तिथेच होतो. सण आठवड्यावर आला होता. ताई अंगणात आंघोळीचं पाणी तापवत होती आणि सरपणातली कडुनिंबाची एक फांदी चुलीत सारताना तिचा हात थांबला. फांदी एका जागी वळून मागे आलेली होती. टोकाला आग लागली होती. तिने ती ओढून काढली, बादलीत बुडवली आणि तशीच पाणी गळती नेऊन भाऊजींच्या मांडीवर ठेवली. "हे घ्या. हिची मान देवानंच वळवून देल्ली. तुमी फक्त बैल काढा." भाऊजींनी फांदी फिरवून पाहिली. रेषा मानेबरोबर वळल्या होत्या. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. बाहेरून आलेली वस्तू हातात घेऊन तिच्यात एकही खोड न काढण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ असावी.

मान तुटली नाही. चांद्या तयार झाला तेव्हा त्याचा मागचा एक खूर जळून काळा राहिला होता, तो भाऊजींनी तसाच ठेवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं त्याला पिशवीत घालून गावी गेलो. दादा ओसरीवर बसले होते. इतक्या वर्षांनी सणाला आलेल्या भावाला पाहून ते उठले. भाऊजींनी पिशवीतून बैल काढला आणि रिकाम्या खुंट्यापाशी ठेवला. दादा खाली बसले, त्यांनी बैलाच्या शिंगांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "डावं शिंग आनखी जरासं खाली होतं."

"होतं," भाऊजी म्हणाले. "चाकू बरोबर नाही."

दादा आत जाऊन तूप-हळद कोमट करून घेऊन आले. पळसाचं पान त्यांनी स्वतः बुडवलं, त्या वीतभर बैलाच्या खांद्याला लावलं आणि वाटी भावापुढे धरली. "आवतन तूच दे. माह्या आवाजावर तो पाह्यत नसे." भाऊजींनी आवतण दिलं. जो आवाज सगळ्या बाजाराला ऐकू जाई, तो त्या दिवशी माझ्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या पंगतीत मात्र त्यांनी पुरणाच्या पोळ्या अशा चापल्या की दादांच्या बायकोला, वहिनींना, पुन्हा परात घ्यावी लागली.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दादाही राहिले नाहीत. चाकू ताईने मला दिला. पातं झिजून गवताच्या काडीएवढं उरलं आहे, पण सुताची मूठ हातात घेतली की ती अजून त्यांच्याच हाताच्या मापाची लागते, माझ्या नाही. आठवडी बाजारात अजून कुणीतरी चादर अंथरून बसलेलं असतं. मी वाकून एखादा चाकू उघडतो, तो डुलतो, आणि उरलेला अर्धा चाकू करणारा माणूस आता कुठून आणायचा, असं वाटून मी तो परत ठेवतो. फार आठवण येते. कुणीतरी माझ्या नव्या चपलेला, नव्या छत्रीला, चारचौघांत नाव ठेवावं असं वाटतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी अजून आर्णीला जातो. चांद्या ताईच्या घरी भिंतीतल्या देवळीत असतो, खांदा दरवर्षीच्या हळदीने पिवळा झालेला. ताई त्याला खाली पाटावर घेते, पळसाचं पान तुपात बुडवते आणि अगदी हळू म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." चांद्याची मान दाराकडे वळलेली असते. त्याच्यामागोमाग आम्ही दोघंही दाराकडे पाहतो. मग ताई उठते आणि उद्यासाठी पुरणाची डाळ मोजून काढते, वर आणखी एक मूठ टाकते.