घराचा कॉम्प्युटर

आत्याला राग आला की तिचं मराठी शुद्ध व्हायचं. एरवी घरात ती आमच्यासारखीच बोले, अर्धं मालवणी, अर्धं मुंबईचं. पण डोकं तापलं की आवाज खाली यायचा आणि तोंडातून सरकारी पत्र बाहेर पडायचं. चाळीच्या सेक्रेटरीने गॅलरीतला दिवा महिनाभर बदलला नाही, तेव्हा त्याच्या दारात उभी राहून ती म्हणाली होती, "सदर दिव्याबाबत आपणास तीन वेळा तोंडी कळविण्यात आले आहे. विलंबाचा खुलासा व्हावा." सेक्रेटरी हसला. ती हसली नाही आणि दारातून हललीही नाही. संध्याकाळी दिवा लागला. घोडपदेवच्या आमच्या चाळीत तिला सगळे टायपिंगबाई म्हणत, आणि सहसा तिच्या वाटेला कुणी जात नसे.

ती बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमची छाती नव्हती. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत तिने सगळी नोकरी टायपिस्ट म्हणून काढली. गिरणी बंद पडल्यावर बाबा रे रोडला एका लाकडाच्या वखारीत लागले, पण मधली काही वर्षं आमचं घर तिच्याच पगारावर चाललं. दहा बाय बाराच्या खोलीत आई, बाबा, दादा, मी आणि ती. त्यात तिचं म्हणून एवढंच, की पोटमाळ्याखाली एक लोखंडी खाट होती आणि खाटेखाली एक ट्रंक.

हा राग आला कुठून, ते मला फार उशिरा कळलं. घाईचा मसुदा असला की कचेरीत तिलाच बोलावत, इतका तिचा हात चालायचा. मग कचेरीत कॉम्प्युटर आले आणि शिकायला कुणाला पाठवायचं त्याची यादी निघाली. तिच्यानंतर लागलेले तिघे पुरुष त्या यादीत होते. ती नव्हती. साहेबांनी तिला गोड आवाजात समजावलं, की बाई, आता तुमची राहिलीत किती वर्षं, या वयात कशाला डोक्याला ताप. तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, पाकिटांवर तिकिटं चिकटवायला. आत्याने दादरला संध्याकाळचा क्लास लावला, कॉलेजच्या पोरापोरींमध्ये बसून शिकली, परीक्षा पास झाली आणि सर्टिफिकेट साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी अभिनंदन केलं आणि कागद तिच्या फायलीला लावला. टेबल काही बदललं नाही. निवृत्त होईपर्यंत ती तिकिटं चिकटवत राहिली. त्याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. म्हणाली, "मशीन ज्याच्या टेबलावर, काम त्याचं. बाकीच्यांनी नुसतं येतं म्हणून सांगत फिरायचं."

मी सिव्हिलच्या डिप्लोमाला गेले आणि दुसऱ्या वर्षी सगळी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायची वेळ आली. घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. दादा तेव्हा एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला लागला होता. त्याने सांगून टाकलं की लॅपटॉप घ्यायचा. त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. खोलीत टेबल ठेवायला जागा नाही, लॅपटॉप मिटून कपाटात ठेवता येतो, वीज गेली तरी चालतो, वायरींचं जंजाळ नाही. आई-बाबांना ते पटलं. मलाही पटलं होतं, हे इथे कबूल करायला हवं.

आत्या मात्र आधीच लॅमिंग्टन रोडच्या चार दुकानांत जाऊन आली होती. एका पाठकोऱ्या कागदावर तिने टिपून आणलं होतं. पोरीला बारीक रेघा बघायच्या आहेत, तिला मोठा स्क्रीन पाहिजे. जमिनीवर वाकून काम केलं तर मान जाते, हे टायपिस्टला विचारा. डेस्कटॉपचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, पुढे मेमरीही वाढवता येते. लॅपटॉपचं बिजागर तुटलं की बसा घेऊन. दादा ऐकत होता, हसत होता. शेवटी तो म्हणाला की आत्या, लॅपटॉप उचलून कुठेही नेता येतो, त्याचं काय?

"उचलून नेता येतो, हीच माझी हरकत आहे," आत्या म्हणाली. "लॅपटॉप माणसाचा असतो. घराला कॉम्प्युटर घ्यायचा, तर तो घरात राहिला पाहिजे."

यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला. "आक्का, खंय ठेवतलंस ता?" आत्याने खोलीभर नजर फिरवली आणि कागदाची घडी घातली. पुढच्या रविवारी लॅपटॉप आला.

आईने त्याला हळदकुंकू लावलं. पहिला आठवडा तो पाटावर मधोमध असायचा, सगळ्यांचा. दुसऱ्या आठवड्यात त्याला दादाचा पासवर्ड लागला आणि तो दादाच्या बॅगेत जाऊन बसला. दादा वाईट नव्हता. मागितला की द्यायचा. पण मागावा लागायचा, आणि प्रत्येक वेळी तो विचारायचा, किती वेळ लागेल? आईला गावच्या बहिणीचा फोटो बघायचा असला तरी ती आधी त्याचा चेहरा बघायची. आत्या हे सगळं खाटेवर बसून बघत होती.

मग सबमिशन आलं. सोमवारी चार शीट द्यायच्या होत्या, चारही लॅपटॉपमध्ये. शनिवारी दादा प्रभादेवीला मित्राकडे मॅच बघायला म्हणून लॅपटॉप घेऊन गेला आणि तिथून सगळे परस्पर अलिबागला गेले. रविवारी त्याचा फोन लागेना. मी आणि आत्या प्रभादेवीला त्या मित्राच्या घरी जाऊन आलो. त्याच्या आईने आम्हाला पाणी दिलं आणि पोरं मजा करताहेत म्हणून सांगितलं. सोमवारी मी रिकाम्या हाताने वर्गात उभी राहिले. सरांनी ऐकून घेतलं नाही. माझी टर्म गेली, टर्मबरोबर वर्ष गेलं.

दादा उन्हाने लाल होऊन परतला. म्हणाला, अगं, सांगितलं असतंस तर ठेवून गेलो असतो. मी तीनदा सांगितलं होतं. मी रडायला लागले तेव्हा आई मला जवळ घेऊन म्हणाली, जाऊ दे गं, त्याने काय मुद्दाम केलं? हे वाक्य आजही कुणाच्या तोंडून ऐकलं तरी माझे कान तापतात. मुद्दाम करायची त्याला गरजच नव्हती. वस्तू त्याच्या बॅगेत होती, एवढं पुरेसं होतं. माझं वर्ष त्याच्या सुट्टीच्या सामानात गेलं, आणि घरात ते कुणाला फारसं मोठं वाटलं नाही.

आत्याला वाटलं.  तिसऱ्या दिवशी तिने तळमजल्यावरच्या माणसांना बोलावून आपली खाट त्यांना देऊन टाकली, कायमची. दुपारी ती टॅक्सीतून उतरली, बरोबर तीन मोठे खोके. जुळवून घेतलेला डेस्कटॉप होता तो, तिच्या निवृत्तीच्या पैशांतला. बाबांना तिने मापं लिहिलेला कागद दिला. बाबांनी वखारीतून प्लायवूड आणलं आणि खाटेच्या जागी भिंतीला टेबल ठोकलं. ठोकताना त्यांनी मान वर केली नाही. काम संपल्यावर हळूच विचारलं, "आणि तू खंय निजतलंस?"

"मी मावते," आत्या म्हणाली.

ती दाराच्या उंबऱ्यालगत गादी टाकायला लागली. पहाटे पाण्याला उठणारा प्रत्येकजण तिच्या उशाशी पाय टाकून जायचा. पुढची नऊ वर्षं ती तिथेच झोपली.

त्या कॉम्प्युटरला पासवर्ड नव्हता. आत्याने लावू दिला नाही. सकाळी मी बसायचे, दुपारी आई आणि मजल्यावरच्या दोघीतिघी. गॅसचा फॉर्म भरायला आई त्याच टेबलावर शिकली. पहिल्यांदा पावती निघाली तेव्हा ती कागद घेऊन गॅलरीभर दाखवत फिरली. आत्या मागे स्टुलावर बसायची आणि कुणी "मला नाही जमणार" म्हणालं की खेकसायची. मी डिप्लोमा पुरा केला आणि दादरच्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे लागले. दादाचं लग्न झालं. तो लॅपटॉप घेऊन बदलापूरला राहायला गेला.

करोनाची टाळेबंदी लागली तेव्हा माझं ऑफिस त्या टेबलावर आलं. दादाचा लॅपटॉप तेव्हाच बंद पडला. बिजागर आधीच तुटलं होतं, आता पडदाही काळा झाला. दुकानं बंद, आणि त्याच्या कंपनीने आपापल्या मशीनवर घरून काम करा म्हणून सांगितलेलं. त्याने फोन केला, की भाजीच्या टेम्पोची सोय झाली आहे, डेस्कटॉप पाठवून द्या. आई लगेच माळ्यावरचे खोके काढायला उठली. "त्याका पोर आसा," ती म्हणाली. आणि मी, जिचं स्वतःचं काम त्या स्क्रीनवर उघडं होतं, ती मी टेबलाखाली वाकून वायरी सोडवायला लागले.

आत्याने माझा हात धरला. आईकडून फोन घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सदर यंत्र घराबाहेर जाणार नाही. तुझ्या नोकरीइतकीच हिचीही नोकरी आहे. येथे येऊन बसणार असशील, तर जागा करून देण्यात येईल."

येणं कसं शक्य होतं? गाड्या बंद होत्या, आणि हे तिलाही ठाऊक होतं. दादा फोनवर वाट्टेल ते बोलला. आई आठवडाभर आत्याशी बोलली नाही, ताट पुढे ठेवून वळायची. दुसऱ्या महिन्यात दादाच्या कंपनीने त्याला काढलं. त्याने आईला सांगितलं की त्या म्हातारीने माझी नोकरी खाल्ली, आता मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. माझी नोकरी टिकली. तेव्हा मला आत्याचाही राग आला होता. तिने माझ्या बाजूने उभं राहावं असं मी तिला सांगितलं नव्हतं, आणि आता दादाच्या पोराचा विचार डोक्यातून जात नव्हता.

चार दिवसांनी तिने माझ्याकडे दादाचा बायोडेटा मागितला. मी जेवायला उठले की ती टेबलाशी बसायची. रे रोडच्या वखारी, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोदीचे एजंट, जिथला ईमेल मिळेल तिथे दादाच्या नावाने अर्ज. एकाचा मजकूर दुसऱ्यात नुसता चिकटवला नाही. प्रत्येक अर्ज नवा टाइप केला. खाली दादाचं नाव, दादाचा फोन नंबर. असे एकतीस अर्ज गेले. सगळं थोडं सुरू झाल्यावर रे रोडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीतून दादाला फोन आला आणि त्याला नोकरी लागली. कुठल्या तरी जुन्या मित्राने नाव सुचवलं असेल, असं तो समजला. मी आत्याला म्हटलं की त्याला सांगूया. ती म्हणाली, "नाही सांगायचं. माझा राग गेलेला नाही. अर्ज वेगळे, राग वेगळा." मी तिला तसा शब्द दिला.

गेल्या वर्षी ती गॅलरीत पडली, चार दिवस परळच्या हॉस्पिटलात होती, आणि गेली. शेवटपर्यंत दादा भेटायला आला नाही. भोईवाड्याच्या स्मशानात मात्र आला. सगळं त्यानेच केलं, आणि नातेवाइकांनी त्याचं कौतुक केलं. बाराव्याला गॅलरीत पानं मांडली होती, कुणीतरी म्हणालं की एवढं होऊनही पोराने कर्तव्य केलं. तेव्हा दादा म्हणाला, "तिने माझ्यासाठी कधी काही केलं नाही. पण मी माझं केलं." दोनतीन माना डोलल्या. आईचीही डोलली.

मी उठले, त्याला दंडाला धरून टेबलाशी आणलं, खुर्चीत बसवलं आणि आत्याच्या अर्जांचा फोल्डर उघडला. त्याला बरं वाटावं म्हणून मी हे केलं नाही. त्याला लागावं म्हणून केलं. आत्याला दिलेला शब्द मोडला आणि मोडताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

त्याने पहिला अर्ज वाचला, मग दुसरा. त्याच्या कंपनीचं नाव असलेल्या अर्जावर तो थांबला. स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं. "सगळे वाच. एकतीस आहेत."

बाहेर पंगत उठली, पाहुणे हात धुऊन पांगायला लागले, आणि तो एकेक उघडून वाचत राहिला. मी आईला, बाबांना, शेजारणींना चहा दिला. त्याला विचारला नाही.