नळाची वेळ

काशीनाथ साळवींना घराबाहेर काढायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. बत्तीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर. दोन मिनिटं उशीर झाला की समोरच्याचा अर्धा दिवस कापणारा माणूस. निवृत्त होऊन गिरगावातून भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कला आले, तर इथे वेळ सांभाळायला उरला फक्त नळ. पाणी एक दिवसाआड, सकाळी नऊ ते दहा. त्या तारखांना कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल, आणि गोल असला की घरातून कुणी हलायचं नाही. कुणी म्हणजे कोण, तर हे दोघंच. मुलगी नाशिकला.

बायको वासंती जयगडची, खाडीच्या तोंडाशी वाढलेली. काचबिंदूने तिचा डावा डोळा गेलेला. उजव्याचं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आहे तोवर बघून घ्या.

दिवाळीनंतर एका सकाळी तिने चहा पिता पिता विचारलं, "अहो, उत्तनला जाऊन येऊ या? आत्ताच. दिसतंय तोवर समुद्र बघते."

"आज पाणी आहे," काशीनाथ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं, पण गॅसवाला येणार होता. पुढच्या आठवड्यात तिने परत विचारलं, तेव्हा पेन्शनच्या दाखल्याचं काम निघालं. असं कुठे अचानक उठून जातात का, आधी ठरवायला नको? आता या माणसाला काय म्हणावं? ठरवायला सवड होती यांना, डोळ्याला कुठे होती? चौथ्यांदा तिने विचारलंच नाही.

जानेवारीत एका पाण्याच्या दिवशी ती चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, चहा ओट्यावरून खाली गळायला लागला, तरी ती ओततच होती.

काशीनाथांनी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "कधीपासून?"

"झाले दहा-बारा दिवस. तुम्हाला सांगून काय होणार होतं?"

नळाला नुकतीच धार लागली होती. पिंप रिकामं होतं. काशीनाथांनी नळ बंद केला आणि म्हणाले, "साडी बदल. निघायचंय."

रिक्षाने भाईंदर, तिथून बस. वाटेतलं डोंगरी गाव मागे पडलं तशी तिने मान वर करून वास घेतला. "बोंबील वाळत घातलेत," ती म्हणाली. किती दिवसांनी हसली होती.

हात धरून त्यांनी तिला किनाऱ्यावरच्या खडकावर बसवलं आणि समोर बघितलं. पूर्ण ओहोटी. लांबवर नुसता चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या. नळाची वेळ तोंडपाठ असलेल्या माणसाला समुद्राची वेळ कुणाला तरी विचारावी, हे सुचलंच नव्हतं.

"पाणी कुठवर आलंय?" तिने विचारलं.

"भरती आहे. अगदी इथवर आलंय."

तिने कान दिला. मग म्हणाली, "कशाला खोटं बोलता? आवाज केवढा लांबून येतोय."

काशीनाथांनी मान खाली घातली. तिला ते दिसत नव्हतं.

"चिडले नाही मी," ती म्हणाली. "घरी पाणी भरलंत ना?"

"नाही."

तिने चाचपत त्यांचा हात शोधला. "मग बसू या. भरती यायला संध्याकाळ होईल. तोवर काय काय दिसतंय ते सांगा."

"चिखल आहे," काशीनाथ म्हणाले, "लांबवर. त्यात होड्या कलंडल्यात." मग ते एकेक होडी मोजून सांगू लागले.